उकिरड्यांचं कुंपण

गायरान म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगायला गेलं की तो आधी विचारतो, "म्हणजे पडीकच ना?" या प्रश्नाचा मला भारी राग येतो. आमचं गायरान एक दिवस नुसतं पडून राहिलेलं मी पाहिलं नाही. सकाळी गुरं, दुपारी शेळ्या, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. पोळ्याला सजवलेले बैल आधी तिथंच उभे राहायचे, जत्रेच्या कुस्त्या तिथंच, मेलेलं जनावर पुरायचं तेही तिथंच. आणि खोटं कशाला बोलू, हागणदारीमुक्तीचा बोर्ड लागून जमाना झाला तरी पहाटेचे डबेही तिकडेच जायचे. एवढी कामं करणारी जमीन म्हणे पडीक! आणि चुन्याच्या रेघा मारून ठेवलेले, वर्षानुवर्षं कुणी वीटही न रचलेले प्लॉट म्हणजे विकास.

गायरानाच्या या अंगाला आमचं गाव आणि त्या अंगाला तालुक्याचं शहर. शहराचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यात परभणी सोडली तर बाकीची शहरं साधारण सारखीच: बसस्टँड, धान्याचा मोंढा, पुतळ्यांचे दोन चौक आणि चारी बाजूंना वाढत चाललेली नगरं. आमचं गावही आता म्हणायलाच गाव. आठवडी बाजार आहे, बँक आहे, कॉलेज आहे, मोबाईलची दुकानं तर मोजू नका. दोन्हीकडची घरं एकमेकांकडे सरकत आली होती. मध्ये तेवढं गायरान होतं म्हणून शहर कुठं संपतं आणि आम्ही कुठं सुरू होतो हे कळत होतं.

मी शहरातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्न होऊन आले तेव्हापासून गायरानातल्या पाऊलवाटेनंच जायचे-यायचे. शाळेत पोरांचा कालवा, घरात सगळ्यांच्या मर्ज्या. या दोन्हींच्या मध्ये तेवढी वाट माझी एकटीची होती. तरवड, बोरी, वेड्या बाभळी आणि गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, बघण्यासारखं असं काही नाही. पण तिथं मला कुणी बाई म्हणायचं नाही की सूनबाई. मी मोठ्यानं बोलत चालायचे. कधी मुख्याध्यापकांना, कधी नवऱ्याला, जे तोंडावर बोलता येत नाही ते सगळं तिथं बोलून मोकळी व्हायचे.

पण गायरान खरं होतं ते माझ्या थोरल्या जावेचं. मी तिला अक्का म्हणते. ती मला मास्तरीणबाई म्हणते, आणि त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. अक्का आणि भाऊजी दोघं मिळून ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाच्या ट्रकमध्ये बसायचं, कधी सांगलीकडं, कधी कर्नाटकात, ते उन्हाळ्यातच परत यायचं. त्या कोयत्यावर धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शिक्षण झालं. एका हंगामात उसाच्या ट्रॅक्टरखाली भाऊजी गेले. अक्का तान्ही पोर घेऊन परत आली, कोयता आढ्याला खोचला आणि म्हणाली, आता मरेपर्यंत उसाला जाणार नाही आणि पोरीलाही जाऊ देणार नाही. माहेरहून, सोनपेठच्या बाजूच्या एका गावाहून, तिनं दोन शेळ्या आणल्या. दोनाच्या डझनभर झाल्या. त्या डझनावर तिनं पोरीला आठवीपर्यंत आणलं.

शेळीला काय लागतं? चरायला जागा लागते. ती गायरानात फुकट होती. घरचं रान होतं, पण कोरडवाहू, तेही दोघा भावांच्या सामाईकीत, आणि त्यात कापूस, तूर आली की शेळ्यांना बंदी. म्हणजे हिशेब सरळ होता. गायरान आहे तोवर शेळ्या आहेत, शेळ्या आहेत तोवर अक्का गावात आहे. गायरान गेलं तर अक्काला पुन्हा मुकादमाच्या दारात उभं राहावं लागणार, आणि पोरीची शाळा तिथंच संपणार. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या नवऱ्यालाही.

तरी हद्दवाढीची बातमी त्यानंच पेढे आणल्यासारख्या तोंडानं आणली. शहराची हद्द वाढणार, गायरानासकट आमचं सगळं गाव नगरपालिकेत जाणार, असा प्रस्ताव निघाला होता. नवऱ्याचं गावात पाइप आणि सिमेंटचं दुकान आहे. आमचं रान गायरानाला लागून. गाव शहरात गेलं की त्या रानाचे प्लॉट पडणार, ते त्याच्या डोळ्यांपुढं आधीच पडून झालेले होते.

जेवताना त्यानं विषय काढला. आमच्या चुली वेगळ्या, पण अंगण एक. अक्का अंगणात बसून शेळीचं दूध काढत होती.

"वहिनी, आपल्या दोघांचा बी फायदा हाय," तो म्हणाला. "तुमचा हिस्सा तुमच्या नावानं बँकेत टाकू. मग कशाला पाहिजेत शेळ्या? बसून खावा."

अक्कानं हात थांबवला नाही. म्हणाली, "बसून किती दिवस खाऊ?"

"लय दिवस."

"आन् मग?"

 नवरा माझ्याकडं बघायला लागला. अशा वेळी त्याला बायको शिकलेली असल्याची आठवण होते. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

का मोडत राहिले ते सांगते. कारण मलाही मोह झाला होता. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. शाळेतून दमून यायचं आणि पाइपासाठी भांडायचं, हे मी लग्नापासून करत आले. गायरानापलीकडच्या शेवटच्या गल्लीत नगरपालिकेचा नळ होता. बायका ओट्यावर बसून नळाखाली भांडी घासताना मला वाटेवरून दिसायच्या. त्या नळासाठी मी काय काय दिलं असतं सांगता येत नाही. आणि अक्काच्या शेळ्यांसाठीही जीव तुटत होता. नवरा एका बाजूला, जाऊ दुसऱ्या बाजूला आणि मी मध्ये, एकाच अंगणात. कुणाच्या बाजूनं बोलले असते तरी दुसऱ्याच्या चुलीसमोरून जाताना मान खाली घालावी लागली असती.

त्याच उन्हाळ्यात शहरातल्या एका प्लॉटिंगवाल्यानं गायरानाच्या कडेला जेसीबी घातला. प्रस्ताव अजून कागदावर होता, पण या लोकांना घाई फार. त्याला त्याच्या प्लॉटांसाठी गायरानातून रस्ता काढायचा होता. एका दुपारात बाभळी उखडल्या, पांढऱ्या रेघा पडल्या. अक्काच्या शेळ्या त्या रेघांवरूनच चरत होत्या.

मग ग्रामसभा भरली. एरवी आमच्या ग्रामसभेला मारुतीच्या पारावर सरपंच, शिपाई आणि झोपलेली दोन कुत्री एवढीच हजेरी असते. त्या दिवशी बायकासुद्धा आल्या. निम्म्या गावाला हद्दवाढ हवी होती, निम्म्याला नको होती, पण गायरान दुसऱ्यानं लाटू नये यावर सगळ्यांचं एकमत झालं. ठराव झाला. मी तो वाचून दाखवला, कारण सरपंचांचा चष्मा नेहमी घरीच राहतो. पण ठरावानं जेसीबी थांबत नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणालं तारेचं कुंपण घालू, पैसे कुठले? कुणी म्हणालं मंदिर बांधू. कुठल्या देवाचं, यावर तासभर वाद झाला आणि दोन भावक्यांचं बोलणं बंद झालं.

शेवटी बायकांच्या घोळक्यातून अक्का म्हणाली, "उकिरडे न्या की तिकडं. उकिरड्याला कोन हात लावतंय?"

आणि ते खरं होतं. आमच्याकडं घराची भिंत सरकते, शेताचा बांध सरकतो, त्यावरून डोकी फुटतात. पण उकिरड्याची जागा सरकत नाही. ज्याचा उकिरडा जिथं, तिथं तो आज्या-पणज्यापासून. भावाभावांत वाटण्या होतात तेव्हा उकिरडाही वाटणीत येतो. गाव सोडून पुण्याला गेलेल्याच्या घराचं छप्पर पडतं, पण त्याच्या उकिरड्यावर दुसरा कुणी शेण टाकत नाही. दिवाळीला घरातले दिवे लागले की एक दिवा उकिरड्यावर ठेवायचा, लक्ष्मी तिथूनच येते म्हणून. दुसऱ्याच्या उकिरड्याला हात लावणं म्हणजे त्याच्या लक्ष्मीला हात लावणं. असं पक्कं कुंपण आम्हांला फुकटात मिळत होतं.

पावसाळ्याआधी खत शेतात जातं आणि उकिरडे रिकामे होतात. त्याच वेळी गावानं जुने खड्डे बुजवले आणि गायरानाच्या शहराकडच्या कडेला ओळीनं नवे खणले. ज्याची गल्लीत जशी जागा, तशीच तिथं. ठरवलं सभेनं; टोपल्या वाहिल्या बायकांनी. पूर्वी घरामागं दहा पावलांवर शेण टाकायचं ते आता गायरान ओलांडून न्यायचं. सकाळी शाळेला निघाले की डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायकांची रांग माझ्यासोबत चालायची आणि सगळ्या मिळून माझ्या जावेच्या अकलेचा उद्धार करायच्या. अक्का सगळ्यांच्या पुढं असायची. मागं वळून म्हणायची, "चला गं, वजन कमी होईल. टीव्हीतल्या बाया पैसे देऊन चालायलेत."

नवऱ्याला याची लाज वाटायची. "शहरातले लोक हसायलेत आपल्याला," तो म्हणायचा. हसत होते खरे. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी मला मधल्या सुट्टीत विचारलं, तुमच्या गावाचं प्रवेशद्वार छान केलंय म्हणे? मी डब्याचं झाकण लावलं आणि दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

पण उपाय लागू पडला. जेसीबी पुन्हा आला तेव्हा ड्रायव्हर आमच्याच बाजूच्या एका वाडीचा निघाला. उकिरड्यांची ओळ बघून त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला आणि मालकाला फोनवर सांगितलं, "साहेब, बाकी काय बी पाडतो. ह्येला न्हाई हात लावणार." त्या दिवशी अक्कानं सगळ्या गल्लीला शेळीच्या दुधाचा चहा पाजला. मला शेळीच्या दुधाचा वास सोसत नाही. तरी मी दोन कप प्यायले. दिवाळीत गायरानाच्या कडेला दिव्यांची लांब ओळ लागली. मीही आमच्या उकिरड्यावर दिवा ठेवला. इतकी वर्षं या गावात राहून हे गाव माझं आहे असं मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं.

हिवाळ्यात हद्दवाढीवरच्या हरकतींची सुनावणी परभणीला जिल्हाधिकारी कचेरीत झाली. गावातून दोन जीप भरून माणसं गेली. सरपंचांनी भाषण केलं, ठराव दिला, आणि साहेब म्हणाले की जागा प्रत्यक्ष बघायला आमची माणसं येतील. सगळे खुशीत परत आले. बघितल्यावर कुणाला पटणार नाही? गायरान वापरात आहे, त्यावर गावाची वहिवाट आहे, हे डोळ्यांनी दिसत होतं, नाकानं तर लांबूनच कळत होतं.

माणसं आली तो रविवार होता, म्हणून मी तिथं होते. तिघं होते. त्यांतले मोठे साहेब रुमाल नाकाला लावूनच गाडीतून उतरले. फार सभ्य मनुष्य होता, हे सांगायला हवं. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, अक्काच्या शेळ्यांनाही वाट करून दिली. मग ओळीकडं बोट दाखवून विचारलं, "हे इथं कोण टाकतं?"

सरपंच पुढं झाले. "सगळं गाव."

"म्हणजे रोज?"

"रोज. येक दिवस खाडा न्हाई."

"कधीपासून?"

इथं सरपंच क्षणभर थांबले. खरं सांगायचं तर गेल्या उन्हाळ्यापासून असं सांगावं लागलं असतं, आणि एका उन्हाळ्याच्या वहिवाटीला कोण विचारतो? त्यांनी मागं वळून गावाकडं पाहिलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच होतं: सांगा. सरपंच म्हणाले, "साहेब, माज्या आज्यापासून. आज्याच्या बी आदी. गावचा समदा कचरा पिढ्यान् पिढ्या हितंच पडतोय."

"व्हय, व्हय," सगळे म्हणाले. मी नुसती मान हलवली, आणि अक्का सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली, "माजी सासू हितंच टाकायची. तिची सासू बी हितंच."

साहेबांनी बरोबरच्या माणसाला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं. दुसऱ्यानं मोबाईलवर फोटो काढले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेका उकिरड्याचा. गावकरी त्याला उत्साहानं पुढं नेत होते, हाही घ्या, तोही घ्या म्हणत होते. एकानं तर उकिरड्याशेजारी उभं राहून स्वतःचाही काढून घेतला. जाताना साहेब म्हणाले, "आमचं काम सोपं केलंत." आम्ही त्याचा अर्थ आम्हांला हवा तसा घेतला.

निकाल यायला पुढचा पावसाळा उजाडला. नवरा दुकानातून दुपारीच घरी आला. तो असा अवेळी आला की मला कुणाच्या तरी मयताची भीती वाटते. अंगणात उभा राहून म्हणाला, "गाव न्हाई घेतलं."

अक्का गोठ्यातून बाहेर आली. "मग बरं झालं की!"

"नुस्तं गायरान घेतलं," तो म्हणाला. "गाव भाईर, गायरान आत. शहराच्या कचऱ्याला जागा पाहिजे होती. साहेबानं लिहिलं, ही जागा पूर्वापार कचऱ्याचीच हाय, गावकऱ्यांनीच तसं सांगितलं."

 एक शेळी सरळ माझ्या तुळशीला तोंड लावत होती आणि तिला हाकलावं हेही कुणाला सुचलं नाही. अक्का मला म्हणाली, "मास्तरीणबाई, खरं का हो हे?" जणू मी नाही म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. मला नवऱ्याचा राग आला, सरपंचांचा आला, आणि त्या सभ्य साहेबांचा तर इतका आला की ते समोर असते तर मी काय बोलले असते देव जाणे. पण ते खोटं बोलले नव्हते. खोटं आम्ही बोललो होतो, सगळ्या गावानं मिळून, आणि त्यांनी ते फक्त खरं मानलं होतं.

म्हणजे आम्हांला नळही मिळाला नाही आणि गायरानही राहिलं नाही. नवऱ्याच्या प्लॉटांचं तर विचारूच नका. कचऱ्याच्या डेपोशेजारी घर कोण बांधतंय? ज्या गिऱ्हाइकानं रानाचा बयाणा देतो म्हणून आमच्या घरी चहा ढोसला होता, तो मोंढ्यात भेटला तर दुसऱ्या गल्लीत वळायला लागला. रान विकता येईना, कसून पोट भरेना. घर सोडून शहरात भाड्यानं राहू म्हटलं तर मागं अक्का आणि पोर. नवरा रोज नवी दरखास्त लिहायचा, रोज मला वाचायला द्यायचा. मी शुद्धलेखन दुरुस्त करून परत द्यायचे. दुसरं काय करणार होते?

मग गाड्या यायला लागल्या. गल्लीगल्लीत गाणं वाजवत फिरणाऱ्या घंटागाड्या आमच्याकडं येताना गाणं बंद करायच्या. कचरा आधी उकिरड्यांच्या ओळीपलीकडं पडला, मग ओळीवर, मग ओळीच्या अलीकडं. शहरानं उकिरड्याला हात लावला नाही, नुसता वरून कचरा टाकला. पत्र्याचं कुंपण आलं आणि माझी पाऊलवाट बंद झाली. आता शाळेला जायला रस्त्यानं वळसा घालून रिक्षानं जावं लागतं, आणि रिक्षात मोठ्यानं बोलता येत नाही. वारा शहराकडून असला की घराच्या सगळ्या खिडक्या बंद. उन्हाळ्यात पंखा लावला तरी तोच वास घरात गरगर फिरतो. पाहुणे जेवायला थांबत नाहीत. पूर्ण्याला दिलेली माझी नणंद सणाला आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत गेली. जाताना मला मिठी मारून म्हणाली, कसं राहता गं तुम्ही! मला म्हणावंसं वाटलं, राहतो असं तुला कुणी सांगितलं? अडकलोय. पण तिचा जीव कळवळला होता म्हणून गप्प बसले.

शेळ्या पत्र्याच्या फटीतून आत शिरायच्या. गवत राहिलं नव्हतं, पण लग्नकार्यातल्या पत्रावळी, भाजीचे देठ, शिळ्या पोळ्या असायच्या, पिशव्यांसकट. पहिली शेळी फुगून मेली तेव्हा डॉक्टरांनी पोट फाडून दाखवलं. अक्कानं पोटातून निघालेला प्लास्टिकचा गोळा बराच वेळ पाहिला. दुसरी गेली, मग तिसरी. उरलेल्या सगळ्या तिनं एका बाजारात विकून टाकल्या. रिकामी दोरी हातात गुंडाळत ती परत आली आणि गोठा झाडून काढला. त्या रात्री ती जेवली नाही.

दसऱ्याच्या आधी मुकादम गावात फिरायला लागला तेव्हा मी तिला म्हणाले, "अक्का, तुम्ही कुठं जायचं नाही. माझा पगार आहे. पोर माझ्याजवळ शिकेल. तुम्ही घरात राहा."

"घरात राहून काय करू?"

"काही करू नका."

ती संतापली. मी तिला कधी तशी पाहिली नव्हती. "माज्या कोयत्यावर तुमचा नवरा शिकला," ती म्हणाली, "तवा मी त्येला असं मनलं न्हवतं. आता मी तुमच्या तुकड्यावर बसू?" मी भलं सांगायला गेले होते आणि ते तिच्या इतकं जिव्हारी लागेल असं मला वाटलं नव्हतं. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. एकाच अंगणात आम्ही दोघी एकमेकींना टाळत फिरत होतो, आणि अंगण तर केवढंसं!

मुकादम आला आणि गेला. अक्का ट्रकमध्ये बसली नाही. मला बरं वाटलं. ती रोज सकाळी डबा घेऊन कुठं जाते हे मी विचारलं नाही; वाटलं, कुणाच्या कापूस वेचणीला जात असेल. मग एकदा रिक्षाचा संप होता म्हणून मी पत्र्याच्या कडेकडेनं चालत शाळेला निघाले, पदर नाकाला लावून. पत्र्याचं गेट उघडं होतं. आत ढिगावर काही बायका वाकून काम करत होत्या. प्लास्टिक एका पोत्यात, काच दुसऱ्यात. ठेकेदारानं रोजंदारीवर लावलेल्या. त्यांतल्या एकीनं मान वर केली. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, तोंडाला ओढणी. ओढणी तिच्या पोरीची होती, म्हणून मी ओळखलं.

मी पदर नाकावरून काढला, मग वाटलं, आता काढून काय उपयोग. म्हणाले, "अक्का, हे काय? यापेक्षा..." आणि थांबले. यापेक्षा काय? तिच्या तोंडासमोर उसाचं नाव मला घेववेना.

तिनं ओढणी खाली केली. चेहरा शांत होता. "मनून दाखवा की, मास्तरीणबाई. यापेक्षा ऊस बरा, आसंच ना? पोरगी बी तेच मनली." तिनं हातातली बाटली पोत्यात टाकली. "शाळा चालू हाय तिची. गाव सोडायचं न्हवतं मला, न्हाई सोडलं. पर येक सांगते. उसाला गेलेलं माणूस उन्हाळ्यात वापस येतंय. मी तर कुटं गेलेच न्हाई. मी कुटून वापस येऊ?"

मागून गाडी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तशी मी बाजूला झाले, आणि अक्का ओढणी वर ओढून गाडीकडं वळली.